ड्युटीवरचा पाना

माझ्या आईला गाडी लागते आणि मी फिजिक्स शिकवतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, तोवर आमच्या घरात सुख होतं.

आईला गाडी लागते म्हणजे साधीसुधी लागत नाही. एसटी लागते, जीप लागते, रिक्षा लागते. एकदा तर शेजाऱ्यांची नवी गाडी बघायला म्हणून ती आत बसली आणि गाडी जागेवर उभी असताना लागली! (शेजारी अजून आमच्याशी तुटकच बोलतात.) ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मात्र तीच आई घाटनांदूरपर्यंत उभ्यानं, गाणी म्हणत जाते. डॉक्टर म्हणाले, कानातल्या तोलाचा प्रश्न आहे. त्यांनी गोळी दिली. गोळी घेतली की आई गाढ झोपते आणि फक्त ओकायला उठते.

हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं चालवून घेतलं होतं. पण कड्याची यमुनामावशी पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आई सहा वर्षांची असताना आजी गेली. तेव्हापासून मावशीनंच आईची वेणी घातली, तिला शाळेत सोडलं, तिचं लग्न लावलं. ती मावशी आता खाट ते उंबरा एवढंच चालते, आणि दोन वर्षं झाली, दोघी बहिणींची भेट नाही. कारण आम्ही राहतो परळीत. परळी ते कडा म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक. आधी अंबाजोगाईचा घाट, मग केज, मांजरसुंबा, पाटोद्याची वळणं, आष्टी, आणि तेव्हा कुठं कडा. मागच्या खेपेला मांजरसुंब्यापर्यंतच सगळ्या पिशव्या संपल्या. आम्ही तिथूनच माघारी फिरलो. परतीच्या वाटेवर आई ओकली नाही, नुसती रडली.

यंदा दसऱ्याच्या आधी मावशीचा फोन आला. “बाळे, यंदा सोनं घेईन तर तुझ्याच हातचं. न्हाईतर आपट्याचं पान कुणाच्या हातनं घ्यायची न्हाई.”

फोन ठेवल्यावर आई घरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मोजायला बसली. मला राहवेना.

“आई,” मी म्हणालो, “दसऱ्याला तू कड्याला जाणार. आणि एकसुद्धा पिशवी लागणार नाही!”

“काय, इमान आणतोस का काय रं?”

“विमान नाही. स्वे बार!”

आता आमच्या गाडीविषयी सांगतो. गाडी सेकंडहँड आणि पांढरी. म्हणजे घेतली तेव्हा पांढरी होती. परळीत थर्मल वीज केंद्राच्या राखेमुळं सगळ्याच गाड्या शेवटी एका रंगाच्या होतात. आमच्या गाडीला खोड एकच. वळणावर ती एका अंगाला अशी कलंडायची की मागं बसलेली माणसं न बोलावता एकमेकांच्या मांडीवर यायची. शिवाय पुढच्या डाव्या बाजूनं ‘कट-कट, कट-कट’ असा आवाज. त्यावर उपाय म्हणून मी इंटरनेटवरून एक जाड, काळी, दोन्ही टोकांना वाकवलेली पोलादी दांडी मागवली. तिलाच स्वे बार म्हणतात. ती दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून ठेवते. एक चाक उचललं की दांडीला पीळ बसतो, आणि गाडी कलत नाही. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. वीस वर्षं मी पोरांना पीळ, बल आणि तोल शिकवतोय, आणि हे तिन्ही एका दांडीत येऊन माझ्या आईला बहिणीच्या दारात नेणार होते!

मी हे स्वयंपाकघरात दोन वाट्या आणि लाटणं घेऊन आईला समजावून सांगितलं. दहा मिनिटं सांगितलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं.

“समजलं?”

“समजलं. आता लाटणं दे. पोळ्या ऱ्हायल्यात.”

“मेकॅनिककडून बसवून घ्या ना,” माझी बायको सुषमा म्हणाली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि तिला प्रश्न सुटण्याआधीच उत्तर दिसतं. “नाहीतर अण्णांना विचारा. घरात एवढा मोठा फिटर बसलाय.”

अण्णा म्हणजे माझे वडील. थर्मलमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. सगळं आयुष्य टर्बाइनच्या आवाजात गेल्यामुळं बोलून काही उपयोग नसतो, हे त्यांना फार लवकर कळलं. ते फक्त ‘हं’ म्हणतात. हो म्हणजे हं, नाही म्हणजे हं, आणि माझा बारावीला फिजिक्समध्ये जिल्ह्यात नंबर आला तेव्हाही हं. आता अशा माणसाला मी काय विचारायचं? शिवाय मी व्हिडिओ बघितला होता. एक तांबड्या दाढीचा परदेशी माणूस बारा मिनिटांत दांडी बसवून, हात पुसून, वर कॉफी पीत होता.

“त्याला बारा मिनिटं लागतात,” मी म्हणालो. “मला दोन तास धर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुट्टी आहे. सकाळी काढतो काम, दुपारच्या जेवणाला गाडी तयार!”

तेवढ्यात अण्णा बोलले.

“उद्या?”

“हो, उद्या.”

“उद्याच?”

“अण्णा, उद्या सुट्टी आहे ना!”

“हं.”

अण्णांनी एका दमात दोन प्रश्न विचारले, तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. पण मी दांडीवर हात फिरवत होतो.

सकाळी सात वाजता मी अंगणात गाडी जॅकनं उचलली आणि खाली राखेच्या विटांचा भक्कम ठोकळा रचला. विटांवर गाडी टेकवली, तशी खालची वीट ‘भुस्स’ करून परत राख झाली! अण्णा खुर्चीवर चहा पीत होते. ते उठले, घराच्या मागं गेले आणि रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे चार तुकडे एकेक करून ओढत आणले. गाडी त्यावर टेकली आणि हललीसुद्धा नाही. ते परत जाऊन खुर्चीवर बसले. मी म्हणालो, “मी तेच करणार होतो.”

“हं.”

पुढची दोन्ही चाकं काढली. मूळ गाडीतही एक बारीक दांडी होती. ती काढून तिच्या जागी माझी जाड दांडी बसवायची होती. जुनी दांडी दोन्ही टोकांना एकेका नटनं जोडलेली असते. मी डाव्या नटला पाना लावला. लावला म्हणजे नुसता टेकवला, तर नट फिरला! दोन बोटांनी, गोफणीतल्या खड्यासारखा सुटून आला. मी गाडीखालून ओरडलो, “बघा, बघा अण्णा! ताकद लागतच नाही. कोन बरोबर पाहिजे!”

“हं,” अण्णा म्हणाले. हा हं जरा लांब होता.

उजव्या नटनं मात्र माझा कोन, माझी ताकद आणि माझी डिग्री तिन्ही एकाच वेळी तपासल्या. पाना घसरला, बोटाचं साल निघालं. पान्याला पाइप जोडून जोर काढला, तर नट जागेवर आणि मी गाडीच्या बाहेर! मग रॉकेल, मग करडईचं तेल, मग हातोडी, मग परत पाइप. साडेअकराला तो नट ‘कर्रर्र’ करत हलला, तेव्हा गल्लीतल्या चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. (ते कधी जमले, कुणास ठाऊक.) जुनी दांडी खाली आली. माझं अंग काळं, डोकं राखेचं, पण छाती फुगलेली.

“आंघोळ करून जेवा आधी,” सुषमा म्हणाली. “नवमीचं पुरण केलंय.”

मी पाच पुरणपोळ्या खाल्ल्या. पुढं पुरणपोळी खाल्लेल्या माणसाचं जे होतं ते झालं. उठलो तेव्हा तीन वाजले होते.

अंगणात आलो. गाडी स्लीपरवर होती. जॅक खाली अडकलेला होता, म्हणून तेवढा जागेवर राहिला होता. बाकी काहीही नव्हतं. पाने, पाइप, हातोडी, पक्कड, सगळं गायब! मी घरात धावलो.

“आई! माझे पाने कुणी घेतले?”

“वरडू नको. देवापुढं हायेत.”

“देवापुढं कशाला?”

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी नापास झालेल्या पोराकडं बघतो. “आरं, आज खंडेनवमी हाय!”

मला दसरा माहीत होता. त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते आणि त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजेला लागतात, हेही माहीत होतं. आणि एकदा पूजेला लागलेलं हत्यार उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नसतं, हे तर आमच्या घरात पाळण्यातल्या पोराला माहीत असतं. फक्त मला आठवलं नाही. आठवणार कसं? माझं हत्यार म्हणजे खडू!

मी देवघराच्या दारात गेलो आणि मला चक्क हात जोडावेसे वाटले. अण्णांनी स्वच्छ घोंगडीवर आपली सगळी हत्यारं मांडली होती. बोटाएवढ्या पान्यापासून हाताएवढ्या पान्यापर्यंत एका ओळीत, उतरत्या क्रमानं, एक केसभर इकडंतिकडं नाही. प्रत्येक पाना पुसून आरशासारखा केलेला. कशाचा दांडा अण्णांच्या मुठीनं झिजून आत गेलेला. सकाळी मी ज्यांना चिखलात आपटत होतो, तेही त्यात होते, आणि ते माझेच आहेत हे मला ओळखू आलं नाही. बाजूला आईचं खुरपं, विळी, सुषमाची कात्री, मिक्सरसुद्धा. आणि सगळ्यांच्या मधोमध, झेंडूची माळ घातलेली, माझी काळी दांडी! मी याच घरात जन्मलो, वाढलो, आणि एवढं सुंदर काही आमच्या घरात असतं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं.

पण गाडी स्लीपरवर होती आणि दसरा सकाळी होता.

“अण्णा, तुम्ही सांगायचं तरी!”

“कालच इचारलं व्हतं. उद्याच का म्हणून.”

मी चपला घातल्या आणि पाना शोधायला निघालो. एक चौदा नंबरचा पाना. परळीसारख्या गावात एक पाना मिळणार नाही? गल्लीच्या तोंडाशी रशीदभाईंचं पंक्चरचं दुकान. रशीदभाई बाहेर बाकड्यावर चहा पीत बसलेले.

“रशीदभाई, चौदाचा पाना द्या ना जरा.”

“सरजी, आज नका बोलू. पार्टनरनं सगळं पूजेत मांडलंय. मलाबी हात लावू देईना. सकाळपासून सातवा चहा हाय हा.” आणि त्यांनी आठवा माझ्यासाठी मागवला.

पुढं टेलरच्या दुकानात मशिनीला हार. न्हाव्याच्या दुकानात वस्तरे ताटात, आणि अर्धी दाढी वाढलेली चार माणसं बाहेर गप्पा मारत बसलेली. सुताराची करवत कुंकवात. वेल्डिंगवाल्यानं तर गॅसच्या टाकीला उपरणं घातलेलं! स्टेशनजवळच्या गॅरेजवर गेलो, तर दारात एक पांढरा सदरा घातलेला, कपाळाला गंध लावलेला, गोरा माणूस उभा.

“मेकॅनिक कुठं गेले हो?” मी विचारलं.

“सर, मीच की!”

दहा वर्षं मी त्या माणसाला ओळखत होतो, पण धुतलेला कधी बघितला नव्हता. तो म्हणाला, “आज पान्याला हात लावला तर वर्सभर नट रुसतेत, सर. उद्या या. उद्या दुपारी उत्तरपूजा झाल्यावर.”

माघारी येताना माझी चाल मंदावली. सगळं गाव हत्यार खाली ठेवून बसलं होतं. ठोकाठोकी नाही, करवतीचा आवाज नाही. वर्षभर ज्या लोखंडावर हे लोक पोट भरतात, त्याला एक दिवस कुणी त्रास देत नव्हतं. एरवी मी यावर वर्गात एखादा टोमणा मारला असता. त्या दिवशी मारावासा वाटला नाही, नुसता बघत राहिलो. लांबवर थर्मलचं धुराडं तेवढं नेहमीसारखं चालू होतं.

घरी आलो तर आईनं पिशवी भरून ठेवलेली. त्यात मावशीसाठी लुगडं, करंज्या आणि रुमालात गुंडाळलेली आपट्याची पानं. मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

“आई, गाडी होत नाही बहुतेक.”

आईचा हात पिशवीच्या बंदावर थांबला. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे, उचल एक पाना, देव काही म्हणत नाही. मी तसं सुचवलंसुद्धा.

“न्हाई,” आई म्हणाली. “ह्यांनी त्या पान्यांवर घर चालवलंय. माझ्या हौसंसाठी आज त्यांना उठवायचं न्हाई. न्हाई जमलं तर न्हाई. ताईला फोनवर सांगते.”

एवढं बोलून तिनं करंज्यांचा डबा पिशवीतून काढून परत फळीवर ठेवला. मला इतकी लाज वाटली की विचारू नका! म्हाताऱ्या बहिणींच्या मधे घाट नव्हता, वळणं नव्हती, मी होतो. दारातून अण्णा हे सगळं बघत होते. ते हं सुद्धा म्हणाले नाहीत.

दसऱ्याला सकाळी सहा वाजता मी डोळे चोळत अंगणात आलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. गाडी चारी चाकांवर उभी! धुतलेली, पुसलेली, हार घातलेली. मला कित्येक वर्षांनी तिचा पांढरा रंग दिसला. शेजारी अण्णा, हातात एक जुना, मोठालहान होणारा पाना घेऊन तो फडक्यानं पुसत होते.

“अण्णा! पूजेतला पाना उचललात?”

“न्हाई. हा ड्युटीवरचा पाना हाय.”

“म्हणजे?”

आणि मग माझ्या वडिलांनी आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं. “प्लांटात खंडेनवमीला समदी हत्यारं पूजेत ठिवायचो आमी. पण टर्बाइनला सणवार कळत न्हाई. लाइट गेली तर गाव काय म्हणंल? म्हणून एक पाना पूजेबाहीर ठिवायचा. त्याची पूजा दुसऱ्या दिवशी, एकट्याची. त्याला आमी ड्युटीवरचा पाना म्हणायचो. रिटायर झाल्यावरबी सवय ऱ्हायली. कुणाला कवा लागंल, काय सांगावं.”

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. काल धुराडं चालू दिसलं होतं ते कुणाच्या जिवावर, तेही मला आता कळलं. या माणसाला मी बारा मिनिटांच्या व्हिडिओपुढं मोजलं नव्हतं! मी म्हणालो, “अण्णा, एका पान्यावर सगळं काम?”

“हं.”

“दांडी बसली?”

“हं.”

मी आंघोळ उरकली. देवाच्या पाया पडायला निघालो तर आई आडवी आली. “बाहीरनंच पड पाया. आत पसारा हाय. उत्तरपूजा संध्याकाळी आल्यावर करते. चल, उशीर होतोय!” सुषमा तोंड फिरवून वेणी घालत होती.

निघालो. अंबाजोगाईचा घाट आला. मी श्वास रोखून पहिलं वळण घेतलं आणि काय सांगू तुम्हाला! गाडी कललीच नाही! रुळावरून गेल्यासारखी गेली. कट-कट आवाजही नाही. मी आरशात बघितलं. मागच्या सीटवर आईनं पदर तोंडाला घट्ट लावला होता.

“आई, पिशवी देऊ?”

तिनं मान हलवून नाही म्हणून सांगितलं.

“बघ, बघ!” मी सुरू झालो. “आता डावं चाक उचललं. दांडीला पीळ बसला. पोलाद आहे ते, साधंसुधं नाही! ते उजव्या चाकाला म्हणतं, बाबा रे, तू पण चल...”

“अहो, या वळणावर काय झालं असेल दांडीचं?” सुषमानं विचारलं. लग्नाला अठरा वर्षं झाली, तिनं फिजिक्समधला पहिला प्रश्न विचारला! मला भरून आलं. मी केजपर्यंत सांगितलं. तिनं मांजरसुंब्याला परत विचारलं. मी पाटोद्यापर्यंत परत सांगितलं. अण्णा खिडकीतून बाहेर बघत दर दोन किलोमीटरला हं म्हणत होते. आईनं पदर काही काढला नाही. तिचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला वाटलं, बहिणीच्या ओढीनं बिचारी भरून आलीय. पण पिशवी? एकसुद्धा नाही! आष्टी मागं पडली, कडा आलं, आणि माझी आई स्वतःच्या पायांनी, ताजीतवानी, गाडीतून उतरली.

मावशी उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसली होती. “आलीस का गं, बाळे?” एवढंच म्हणाली. आईनं रुमाल सोडला, आपट्याचं पान तिच्या हातात ठेवलं, आणि दोघींनी एकमेकींचे हात धरले ते सोडलेच नाहीत. मावशीनं पडल्या आवाजात विचारलं, “केस किती पिकले गं तुझे?” आणि बसल्या बसल्या तिची वेणी घालायला लागली. सत्तरीच्या बाईची! मी अंगणात जाऊन उगीच गाडीला हात लावून उभा राहिलो. मला रडू येत होतं आणि अभिमानही वाटत होता.

अभिमान जरा जास्तच वाटला. जेवणाआधी मी मावशीच्या घरातल्या सगळ्यांना ओसरीवर बसवून खडूनं फरशीवर आकृती काढली. मावसभाऊ म्हणाला, “दादा, खाली वाकून बघू का ती दांडी?”

“बघ की! चल, दाखवतो!”

“जेवायला बसा,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे त्या दिवशी कळलं.

दिवेलागणीला आम्ही परळीत आलो. परतीच्या वाटेवरही पिशवी लागली नव्हती. मी दारात चपला काढतोय, तेवढ्यात आतून आईची हाक आली.

“पक्या, तुझी ती दांडी उचल रं मधनं. मला दिवा लावायचाय.”

मी देवघरात गेलो. घोंगडीच्या मधोमध, झेंडूची माळ सुकलेली, माझी काळी जाड दांडी होती तिथंच होती. कालपासून हललीही नव्हती.

मी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी घसा साफ केला.

“ती आपल्या गाडीची न्हाईच. दुसऱ्या मॉडेलची हाय. चार बोटं लांब.”

“मग... मग गाडी कलली कशी नाही?”

“जुनीच दांडी बसवली. डाव्या अंगाचा नट आटे जाऊन ढिला झालता, म्हणून ती एका अंगानं नुसती लोंबत व्हती. कट-कट तेच करत व्हतं. नवा नट टाकला, आवळला, झालं.”

कोन बरोबर असल्यामुळं माझ्या दोन बोटांनी सुटलेला तोच तो नट!

“अण्णा, जाताना तरी सांगायचं! मी चार तास...”

“तू लई खुशीत व्हतास.”

सुषमा भिंतीला टेकून पोट धरून हसत होती. म्हणजे तिलाही माहीत होतं. सकाळीच अण्णांनी तिला आणि आईला सांगितलं होतं! ते सगळे प्रश्न! ‘या वळणावर काय झालं असेल दांडीचं?’

मी शेवटच्या आशेनं आईकडं वळलो. “आई, पण काही का असेना, फिजिक्सच कामी आलं ना? तोल साधला, गाडी हलली नाही, म्हणून तुला लागली नाही!”

आईनं दिवा लावला, हात जोडले, आणि मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, “गाडी हलली का न्हाई, मला काय ठावं? तू जी न्हाई त्या दांडीचं गुणगान चालवलं व्हतंस, मी पदरात हसू दाबून दाबून मरत व्हते. वकायला सवड कुठं मिळाली?”

तेव्हापासून आई बिनघोर प्रवास करते. दोनदा कड्याला जाऊन आली, एकदा तुळजापूरला. गोळी नाही, पिशवी नाही. काळी दांडी मागच्या दाराला अडसर म्हणून लागली आहे. आणि आईला गाडी लागू नये म्हणून गाडीत जो भाग बसवावा लागतो, तो मी.